सातव्याची पावती

मुलीच्या लग्नात व्याह्यांकडून पावती लिहून घेणारा बाप मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा घरमालक होता. मंडळी निघायच्या बेतात होती, मुलगी रडून रडून गाडीत बसली होती, बँडवाले आवराआवर करत होते आणि आण्णा गाडीच्या दारापाशी वहीचं पान धरून उभे. पानावर लिहिलं होतं, 'मुलगी एक, सुखरूप मिळाली. देणार – बाप. घेणार –' आणि पुढे सहीसाठी रेघ. व्याही राधानगरीकडचे, दूध संस्थेचे चेअरमन, चारचौघांत वजन असलेले. त्यांना वाटलं थट्टा आहे.

"काय पावणं, म्हस इकालाईसा व्हय?" ते म्हणाले आणि मांडवातले सगळे हसले.

आण्णा हसले नाहीत. "म्हशीला पावती लागत न्हाय. माणसाला लागती. करा की सही."

मुहूर्तापासून सगळं सुरळीत पार पडलं होतं, आता शेवटी तमाशा नको म्हणून व्याह्यांनी दात ओठ खात सही केली. गाडी वळणाआड गेली तसं आण्णांनी ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि मग मांडवाच्या खांबाला धरून एखाद्या बाईसारखे हमसून रडले. मुलगी पुढे मला म्हणाली होती की सासऱ्यांचा पारा कितीही चढला तरी तिच्यावर त्यांनी आवाज चढवला नाही. 'सही देऊन बसलोय' म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

मंगळवार पेठेतल्या त्या गल्लीत आण्णांना तोंडावर आण्णा आणि मागून पावतीआण्णा म्हणत. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, उंच, कानाला मफलर, पायात बारा महिने कॅनव्हासचे बूट. शेजारणीनं घटकाभर पोर सांभाळायला दिलं तर परत नेताना तिची सही. मांजरीची पिल्लं कुणी पाळायला नेली तर त्याची सही. मला कावीळ झाली तेव्हा ते मला सायकलच्या कॅरिअरवर घालून दवाखान्यात घेऊन गेले आणि तिथल्या नर्सकडून लिहून घेतलं, 'पेशंट एक, ताप एकशे दोन, शुद्धीवर.' नर्स चिडली. मला त्या तापातही लाजेनं मेल्यासारखं झालं. भाड्याची पावती मात्र त्यांनी मला कधी दिली नाही. पैशाला कशाला पावती, म्हणायचे, पैसा पुन्हा मिळतोय.

मी त्यांच्याकडे आलो तो नव्वदनंतर, लॉ कॉलेजात नाव घातलं तेव्हा. गाव गगनबावड्याकडे, छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतलेली. कोल्हापुरात खोली शोधताना मला एक गोष्ट लवकर कळली. आधी नाव विचारतात, मग गाव, मग शिक्षण, मग वडील काय करतात. तिथपर्यंत चहा येतो. पाचवा प्रश्न येतो, "म्हंजे तुम्ही कुणापैकी?" आणि मग आठवतं की खोली गेल्याच आठवड्यात मेहुण्याला कबूल केली होती. तीन घरं मी अशी चहा पिऊन उतरलो.

चौथ्या घरी आण्णा. त्यांनी मला ओट्यावर उभं केलं आणि वही उघडली. "नाव? नंबर?"

"कसला नंबर?"

"कालीजात हजेरीचा आसंल की." मी सांगितला. "हुद्दा?" मी म्हटलं, विद्यार्थी. "जन्मतारीख?" तीही सांगितली. त्यांनी वही मिटली आणि किल्ली दिली. मी पाचव्या प्रश्नाची वाट बघत तसाच उभा. शेवटी मीच म्हणालो, "आणखी काही विचारायचं नाही?"

"चारच इचारायच्या," आण्णा म्हणाले. "पाचवी इचारायचा हक्क न्हाय आपल्याला."

त्या दिवशी मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे. पुढे वर्षभरानं परीक्षेला आंतरराष्ट्रीय कायदा लागला आणि युद्धकैद्यांचं प्रकरण मोठ्यानं पाठ करताना मला उलगडा झाला. कैद्यानं सांगायचं ते नाव, नंबर, हुद्दा, जन्मतारीख. त्यापुढे त्याच्याकडून काही काढून घेण्यासाठी जबरदस्ती करायची नाही. म्हणजे आण्णांनी मला खोली दिली ती जीनिव्हाच्या कराराप्रमाणे. मला हसू आलं, थोडं वाईटही वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, "वकील, एक ऱ्हायलं. आजारी आसला तर आधी दवापाणी." मी त्यांना सांगितलं की ते पुढच्या पानावर आहे. "पुढच्या पानापतूर मरतोय त्यो," ते म्हणाले.

त्यांच्याकडे लष्करात मिळालेली एक हिंदी पुस्तिका होती. मुखपृष्ठ गेलेलं, दोरीनं शिवलेली. ती त्यांना तोंडपाठ होती. आमच्या प्राध्यापकांनी तो विषय दोन तासांत गुंडाळला होता, "हे पोटाला लागत नाही रे," असं सांगून. आण्णा मात्र ती पुस्तिका जगत होते, आणि जगाला तो वेडेपणा वाटत होता. मलाही वाटत होता, हे कबूल करून टाकतो.

त्यांचं एकच सांगणं असे: धरला तो सांभाळायचा. एकदा भरदुपारी गल्लीत सायकलचोर सापडला. चांगला तिशी उलटलेला गडी. तालमीतल्या पोरांनी त्याला विजेच्या खांबाला बांधला आणि हात मोकळे करायला सुरुवात केली. आण्णा तांब्याभर पाणी आणि घडीची खुर्ची घेऊन आले. दोरी सोडली, चोराला खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं आणि वही काढली. नाव, नंबर, हुद्दा. हुद्द्याला चोर गोंधळला. म्हणाला, "बिगारी." मग पोलीस येईपर्यंत दीड तास आण्णा त्याच्या आणि पोरांच्या मधे उभे. एक जण ओरडला, "आण्णा, सायकल तुमचीच घेतलीती की त्यानं."

"म्हणून तर मीच सांभाळणार," आण्णा म्हणाले. पोलीस आला तेव्हा त्याच्याकडून त्यांनी सही घेतली, 'चोर एक, जखम नाही.' पोरांनी महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं.

हे सगळं कुठून आलं ते त्यांनी मला एका रविवारी सायकलला तेल घालता घालता सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते. शेवटच्या दिवसांत त्यांच्या ताब्यात सात कैदी आले. सहा धडधाकट, सातव्याच्या पायात गोळी. आण्णांनी स्वतःची पट्टी त्याला बांधली, सातांची यादी केली, आणि दोन मैल मागे, जिथे कैदी गोळा करत होते तिथे त्यांना पोचवायला निघाले. सातवा आळीपाळीनं दोघांच्या खांद्यावर. अर्ध्या वाटेत दुसऱ्या तुकडीचा एक नाईक भेटला. तिकडेच निघालेला, सोबत दोन शिपाई. बोलीवरून ओळख पटली. वडगावचा, आपल्या पेठ वडगावचा. परक्या मुलखात, गुडघाभर चिखलात, कुणीतरी 'काय लगा, कवा खाल्लाईस?' म्हणून विचारतंय. आण्णांना सख्खा भाऊ भेटल्यासारखं झालं. दोघांनी बसून विडी ओढली. वडगावच्या बाजाराच्या गोष्टी झाल्या. मग तो म्हणाला, "मी तिकडंच चाललोय न्हवं, दे की हिकडं. तू जा परत."

"कैदी दिला की पावती घ्यायची," आण्णा मला म्हणाले. "पैल्या दिवशी शिकीवत्यात. मी घेतली न्हाय. आपल्याच मुलखातला माणूस, त्याला सही कशी मागायची? अपमान व्हतोय की." तेलाचा डबा त्यांनी बाजूला ठेवला. "त्यो सातवा घाबरलाता. माझी बाही धरून इचारलं, कुठं पाठवतोयस. मी म्हणलं, डरो मत, मेरे गाव का आदमी है."

छावणीत सहा पोचले.

आण्णांनी वर कळवलं. लढाई जिंकलेली, हजारो कैदी येत होते, एका आकड्यासाठी कुणाला वेळ नव्हता. मोजायला चुकला असशील, असं साहेब म्हणाला. ते सहा जण पुढे आपल्या देशी परत गेले असतील. त्यांनी सातव्याच्या घरी सांगितलं असेल की तो आमच्याबरोबर होता, जिवंत होता. "म्हंजी त्याची आई अजून वाट बघत बसली आसंल," आण्णा म्हणाले. "मेला तरी मेला म्हणून कळाय पायजे का न्हाय?"

त्यांना एवढंच हवं होतं. वडगावच्या त्या माणसानं कागदावर दोन ओळी लिहून सही करावी, सातव्याचं काय झालं ते. त्यासाठी निवृत्त झाल्यापासून दर वर्षी, बाजारादिवशी, आण्णा एस.टी.नं वडगावला जात. वडगावकर आता प्रतिष्ठित गृहस्थ झाले होते, ऊस होता, दोन मजली घर होतं. ते आण्णांचं स्वागत करत, मटणाचं जेवण घालत. हात धुऊन झाले की आण्णा विचारत, "सातवा कुठाय?" वडगावकर बडीशेप पुढे करत आणि पावसापाण्याचं बोलत. आण्णा शेवटच्या गाडीच्या आधी परत येत. वीस वर्षं हे चाललं. मी एकदा वैतागून विचारलं, मग त्याच्या घरचं खाता कशाला? म्हणाले, "न खाता इचारलं तर भांडाण हुतंय. भांडणात माणूस खरं सांगत न्हाय."

एका वर्षी उत्तर आलं. वाढणाऱ्या सुनेला आत पाठवून वडगावकर ताटाकडे बघत म्हणाले, "त्याला चालता येत न्हवतं." एवढंच. पुन्हा भात कालवायला लागले.

आण्णा त्या दिवशी परत आले ते थेट माझ्या खोलीत. मी तेव्हा नुकती सनद घेऊन कोर्टात उमेदवारी करत होतो. "कायदा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, आपल्याकडे साठ सालचा कायदाच आहे, जखमी कैद्याला मारणं हा त्यात मोठा गुन्हा आहे. त्यांचा चेहरा उजळला. "मग लिही अर्ज." मी पुस्तक काढून वाचून दाखवलं की या कायद्याखाली सरकारनं तक्रार केली तरच कोर्ट दखल घेतं. तुम्हाआम्हाला तक्रार करता येत नाही.

आण्णांनी पुस्तकातल्या त्या कलमावर बोट ठेवलं. "म्हंजी ज्याच्याकडनं हरवला त्यानंच सांगायचं, माझ्याकडनं हरवला म्हणून?"

"तसंच."

"चांगला हाय की कायदा," ते म्हणाले आणि उठून गेले. मी कलम बरोबर सांगितल्याच्या समाधानात होतो.

मग कारगिलचं वर्ष आलं. गावोगाव सभा, मिरवणुका, जुन्या सैनिकांचे सत्कार. आमच्या पेठेतही एका मंगल कार्यालयात सकाळी अकराला सत्कार समारंभ ठरला. समितीत मी होतो. का होतो तेही सांगतो. प्रमुख पाहुणे असे होते की त्यांच्या एका शब्दानं सरकारी वकिलांच्या यादीत नाव लागलं असतं. आणि दुसरं म्हणजे, समितीतले लोक मला 'वकीलसाहेब' म्हणत, चहाला खांद्यावर हात टाकून नेत, आणि पाचवा प्रश्न विचारत नसत. तो हात खांद्यावर राहावा म्हणून मी काय वाटेल ते केलं असतं, आणि केलंही.

सत्कारमूर्तींत वडगावकर होते. यादी मीच टाईप केली होती. आण्णांचंही नाव घालू का म्हणून विचारलं तर ते म्हणाले, "मला नगं. मी एक हरवलाय." मला वाटलं, ते येणारच नाहीत.

वडगावकरांना फेटा बांधला, हार घातला, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्या तसे मागच्या रांगेतून आण्णा उठले. कॅनव्हासचे बूट, मफलर, हातात वही. "सातवा कुठाय?" त्यांनी विचारलं. आवाज मोठा नव्हता, पण कार्यालयात सगळ्यांना ऐकू गेला. मग वही उघडून त्यांनी वाचायला सुरुवात केली. नाव, नंबर, हुद्दा, जन्मतारीख. नाव ऐकलं तसा हॉल तापला. आपली पोरं तिकडे डोंगरावर मरतायत आणि हा दुश्मनाचं नाव घेतोय. खुर्च्या सरकल्या. व्यासपीठावर वडगावकर हाराच्या कळ्या कुरतडत खाली बघत होते. तो माणूस त्या क्षणी बोलला असता असं मला आजही वाटतं. त्याचे ओठ हलत होते.

समितीचे अध्यक्ष माझ्या कानाशी आले. "वकीलसाहेब, ह्ये तुमचं घरमालक न्हवं? काय भानगड हाय ही?" पाहुणेही माझ्याकडेच बघत होते.

त्या सबंध हॉलमध्ये तो कायदा वाचलेला मी एकटा होतो. उठून एवढंच म्हणायचं होतं की ह्यांचा प्रश्न बरोबर आहे, ह्यांना उत्तर द्या. त्याऐवजी मी म्हणालो, "वय झालंय त्यांचं. डोक्यावर जरा परिणाम झालाय." आणि खाली उतरून आण्णांचा दंड धरला. दोन स्वयंसेवक पुढे आले, त्यांच्या हातात तो दंड दिला. आण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "घाबरू नका, आण्णा. पोरं माझ्या ओळखीची आहेत. घरी सोडतील."

पाहुण्यांचं भाषण चांगलं झालं. जेवणही होतं.

आण्णा चार वाजता आले. पोरांनी त्यांना जीपमध्ये घालून पंचगंगेच्या पुलापलीकडे नेऊन सोडलं होतं. बूट काढून घेतले होते. पुढचे दोन दात नव्हते आणि मफलर रक्तानं भरला होता. भर उन्हातून अनवाणी चालत आले होते. मी ओट्यावरच होतो. मला वाटलं, आता शिव्या घालतील, खोली सोड म्हणतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते पायरीवर बसले, मी दिलेलं पाणी प्यायले, आणि म्हणाले, "पावती घेतलीतीस का त्यांच्याकडनं?"

मी तांब्या पुन्हा भरायला उचलला.

"मी पण त्याला ह्येच सांगितलंतं," आण्णा म्हणाले. "माझ्या गावाकडचा हाय म्हणून." मग उठून पाय धुवायला आत गेले.

महिन्याभरात मी खोली सोडली. यादीत नाव लागलं होतं, नागाळा पार्कात फ्लॅट बघितला. निघताना आण्णांनी नेहमीसारखी वही काढली, मी सही केली, 'भाडेकरू एक, सुखरूप गेला.' त्यानंतर सणावाराला जाऊ जाऊ म्हणत मी फार तर तीनदा गेलो. एकदा गेलो तेव्हा ते वडगावहून आलेले. वडगावकर वारले होते, तिरंगा वगैरे पांघरून मोठी अंत्ययात्रा निघाली होती. आण्णा शेवटपर्यंत उभे होते म्हणे. "गेला," ते म्हणाले. "सही न देता गेला." आता वर्षाकाठी बाजारादिवशी काय करायचं, हा त्यांना खरोखरच पडलेला प्रश्न होता. ते पुढच्याही वर्षी गेले. त्या घरासमोर थोडा वेळ थांबून परत आले, असं मुलीनं सांगितलं.

आण्णा गेले तेव्हा मी कोर्टाच्या कामानं पुण्यात होतो. पुढे ढकलता येण्यासारखं काम होतं, ढकललं नाही. तेराव्यानंतर मुलगी माझ्या ऑफिसात आली, राधानगरीहून, सकाळच्या गाडीनं. दोरीनं बांधलेली एक फाईल तिनं टेबलावर ठेवली.

"बाबांनी तुमच्याच हातात द्यायला सांगिटलीया," ती म्हणाली. "आणि सही घ्यायला."

मला हसू आलं, भरूनही आलं. बाप तर बापच, आणि मुलगीही त्याच वळणाची. तिनं पुढे केलेल्या कागदावर मी सही ठोकली. "वाचून करा की, वकीलसाहेब," ती म्हणाली. मी म्हटलं, तुमच्या घरच्या कागदाला वाचायचं काय. तिनं तो घडी घालून पर्समध्ये ठेवला, त्याचीच दुसरी प्रत मला दिली, आणि चहा न घेता गेली.

ती गेल्यावर मी प्रत वाचली. आण्णांचं अक्षर, शेवटच्या दिवसांतलं, थरथरतं. 'इसम सात. सहा पोचले. सातवा बाकी. देणार – मी. घेणार –' पुढे माझं नाव, हुद्दा वकील, आणि आता माझी सही.

फाईलमध्ये एकाहत्तरची यादी होती, पेन्सिलीची, पुसट झालेली. सहा नावांपुढे खूण. सातव्यापुढे जागा मोकळी. त्याखाली, वेगळ्या शाईत, आठवं नाव आण्णांनी स्वतःचं लिहिलं होतं. तारीख सत्काराच्या दिवसाची. देणार म्हणून माझं नाव. घेणार कोरं. आणि शेऱ्यात दोन शब्द: 'पोचला, चालत.'

फाईल माझ्या कपाटात आहे. सरकारनं तक्रार केल्याशिवाय काही होत नाही, हे कलम अजून तसंच आहे आणि मला अजून पाठ आहे. वडगावकरांच्या मुलाला मी ओळखतो, एका केसमध्ये तो माझा पक्षकारही होता. त्याला मी विचारलेलं नाही. सातव्याच्या घरी पत्र लिहावं म्हणून दोनदा बसलो. पत्ता शोधता आला असता. पण पत्रात मी कोण म्हणून लिहायचं, तिथे अडलो.

वडगावच्या बाजारादिवशी ऑफिसचं दार वाजलं की अजून वाटतं, कॅनव्हासचे बूट घालून कुणीतरी विचारायला आलंय. दार उघडतो तर पक्षकार असतो. मी त्याला बसा म्हणतो आणि चहा सांगतो.